घराजवळचे एकच दृश्य : पाहणीपासून प्रिंटपर्यंत

छायाचित्रणाचा छंद लागला की पहिली काही वर्षे चांगल्या जागा शोधण्यात जातात, आणि माझीही तशीच गेली. सुटी मिळाली की कॅमेरा घेऊन दूर जायचे, तेथे मिळेल त्या उजेडात शे-दोनशे फोटो काढायचे आणि परत आल्यावर संगणकापुढे बसून हळहळायचे, असा तो क्रम होता. क्षितिज तिरके आलेले असे, आकाश पांढरेफटक झालेले असे, मुख्य वस्तूच्या मागून एखादा खांब डोकावत असे. पण हे सारे लक्षात येईपर्यंत ती जागा कित्येक तासांच्या प्रवासाने मागे पडलेली असे. घराजवळच्या दृश्याचा मोठा फायदा येथेच आहे. रात्री संगणकावर दिसलेली चूक दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी, जवळजवळ त्याच उजेडात उभे राहून सुधारता येते, आणि मग टिपणे व संपादन ही एकाच कामाची दोन टोके होतात. या लेखात असे एक जवळचे दृश्य निवडून ते पाहणीपासून प्रिंटपर्यंत कसे न्यावे, याचा क्रम मांडला आहे. कॅमेरा कोणताही चालेल. मोबाइलसाठी जेथे वेगळी काळजी घ्यावी लागते तेथे तसे सांगितले आहे.

१. जागा निवडणे

जागा घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असावी, ही पहिली अट. त्याहून लांब असेल तर तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर जाणे आपोआप कमी होते. दुसरी अट अशी की त्या जागेत एखादी स्थिर गोष्ट असावी आणि एखादी हलती. स्थिर गोष्टीवर उजेडाचा अभ्यास होतो आणि हलत्या गोष्टीमुळे दर खेपेला काहीतरी नवे मिळण्याची आशा राहते. मी निवडलेली जागा म्हणजे एका गल्लीचे वळण: एका बाजूला गिलावा निघालेली जुनी भिंत, तिच्या अंगाला एक झाड, आणि वळणावरून अधूनमधून येणारी-जाणारी माणसे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यात टिपण्यासारखे काही दिसणार नाही, आणि खरे सांगायचे तर पहिला महिनाभर मलाही फारसे दिसले नव्हते.

जवळची जागा म्हणजे दुय्यम विषय, असे ज्यांना वाटते त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांपैकी आज टिकून असलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास स्वतःच्याच घराच्या वरच्या खिडकीतून घेतले. छायाचित्रकार योसेफ सुडेक यांनी प्रागमधल्या आपल्या स्टुडिओची एकच खिडकी वर्षानुवर्षे टिपली. काचेवरचे थेंब, धुके आणि बाहेरचे वाकडे झाड एवढ्यावर त्यांचे काम चालले.

२. कॅमेरा घरी ठेवून पाहणी

पहिल्या तीन खेपा कॅमेऱ्याशिवाय कराव्यात, असा माझा आग्रह आहे. कॅमेरा हातात असला की लगेच काहीतरी काढावेसे वाटते आणि पाहणे राहून जाते. एक खेप सकाळी, एक दुपारी आणि एक संध्याकाळी करावी, आणि प्रत्येक वेळी लहान वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: उजेड कोणत्या बाजूने येतो, सावली कोठे पडते, आणि माणसे कोठून येऊन कोठे जातात.

उजेडाची दिशा ही त्यातली सर्वांत मोलाची नोंद. आकाशात सूर्य तासाला सुमारे १५ अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. हा आकडा लहान वाटतो, पण भिंतीजवळ उभे राहिले की तो डोळ्यांना दिसतो. माझ्या भिंतीवर सकाळी उजेड प्रथम एका कडेने घासून जातो. त्या वेळी गिलाव्याचा प्रत्येक पोपडा स्वतःची बारीक सावली टाकतो, भिंतीवर रेघोट्या उमटतात आणि विटांच्या सांध्यांची खोली कळते. काही तासांनी तोच उजेड समोरून पडू लागतो आणि भिंत एकदम सपाट, कागदासारखी दिसते. तेच ऊन, तीच भिंत. पण पोत गेलेला असतो. पोत हवा असेल तर उजेड बाजूने हवा आणि रंग किंवा चेहरा हवा असेल तर तो मऊ हवा, हे येथे उभे राहून जसे समजते तसे वाचून समजत नाही. निएप्स यांच्या त्या छायाचित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसतात, कारण एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घेणे, इतके लांबले की तोवर सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला होता.

वर्षभरात सूर्योदयाची जागाही क्षितिजावर सरकत राहते. त्यामुळे आज मिळालेला तिरपा उजेड चार महिन्यांनी शेजारच्या इमारतीआड जाऊ शकतो. वहीत तारीख लिहिण्याचे कारण हेच.

ढगाळ दिवस वाया गेला असे मानू नये. ढग म्हणजे आकाशभर पसरलेला पांढरा पडदा असतो. सावल्यांच्या कडा विरतात, ओल्या पानांचा रंग गडद दिसतो आणि चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत. फक्त आकाश चौकटीत घेऊ नये, कारण ते कोरे पांढरे येते आणि नजर तिकडेच जाते. सूर्यास्तानंतरची वेळ वेगळी. सूर्य क्षितिजाखाली सुमारे ६ अंशांपर्यंत असतो त्या काळात आकाशाचा निळा उजेड आणि रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड काही मिनिटे एकमेकांच्या बरोबरीला येतात. विषुववृत्ताजवळ हा काळ लवकर सरतो, तेथून दूर गेल्यास लांबतो. तो सुरू होण्यापूर्वी जागेवर पोचलेले असावे.

३. निघण्यापूर्वीची तपासणी

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच मी तो एकदा टाळला. आदल्या रात्री अंधारात काम करताना आयएसओ (उजेडाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ६४०० ठेवला होता आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ वा गडद करण्याची सोय) उणे दीडवर नेले होते. सकाळी तसाच कॅमेरा उचलून गेलो. उजेड अप्रतिम होता, एक म्हातारे गृहस्थ झाडाखाली टेकून उभे होते, आणि मी काढलेल्या साठेक फोटोंतला प्रत्येक फोटो गडद आणि दाणेदार निघाला. पडद्यावर उन्हामुळे नीट दिसत नव्हते म्हणून शंकाही आली नाही. तेव्हापासून दाराबाहेर पडण्यापूर्वी मी पाच गोष्टी पाहतो: आयएसओ परत २०० वर आला आहे का, कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे का, फाइलचा प्रकार रॉ (कॅमेऱ्याने नोंदलेली, प्रक्रिया न झालेली माहिती) आहे का, बॅटरी भरली आहे का, आणि कार्ड रिकामे आहे का. कार्ड फॉरमॅट करण्यापूर्वी जुने फोटो दोन ठिकाणी उतरलेले असावेत. कॅमेऱ्याचे घड्याळही बरोबर लावावे. वहीतल्या नोंदी आणि फाइलमधली वेळ जुळली नाही तर त्या नोंदींचा उपयोग उरत नाही.

एकच लेन्स न्यावी. ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या आसपासची स्थिर लेन्स या कामाला पुरते, आणि झूम नसल्यामुळे पाय हलवावे लागतात, हा तिचा गुण. झूमच असेल तर ती एका आकड्यावर ठेवून महिनाभर तशीच वापरून पाहावी. मोबाइलवाल्यांनी निघताना लेन्स स्वच्छ सुती कापडाने पुसावी. बोटाच्या तेलाचा पातळ थर असला की दिव्यांभोवती धुरकट वलये येतात, आणि बरेच जण त्यासाठी कॅमेऱ्याला दोष देतात.

गार खोलीतून दमट हवेत गेल्यास काचेवर बाष्प जमते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून पिशवीसह बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मगच उघडावा. ओल राहिली तर लेन्समध्ये बुरशी धरते, म्हणून घरी कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवणे बरे.

४. उजेड मोजणे

कॅमेऱ्यातला मीटर समोर काय आहे हे जाणत नाही. समोरचे सारे मिळून मध्यम करड्या रंगाइतके उजळ असणार, असे तो धरून चालतो. त्यामुळे चौकटीत पांढरी भिंत भरली की मीटर तिला करडी करतो आणि काळे दार भरले की त्यालाही करडे करतो. उपाय उलटा वाटतो, पण तोच बरोबर आहे: दृश्य उजळ असेल तर कॉम्पेन्सेशन वाढवावे आणि गडद असेल तर कमी करावे. चुना लावलेल्या भिंतीसाठी मी अधिक एक ते अधिक दीड स्टॉपपासून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सुरुवात करतो, आणि सावलीतल्या गडद खोडासाठी उणे एकपासून. नवीन कॅमेरे दृश्य ओळखण्यात हुशार झाले आहेत, तरी पांढऱ्या भिंतीपुढे तेही चकतात.

मीटरवर शंका आली तर एक जुना ठोकताळा कामी येतो. लख्ख उन्हात ॲपर्चर (लेन्समधले छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/१६ ठेवले तर शटरस्पीड (उजेड आत येण्याचा वेळ) आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ २०० ला १/२०० सेकंद असावा. ॲपर्चरचे टप्पे एफ/२, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे जातात आणि प्रत्येक पुढच्या टप्प्यावर उजेड निम्मा होतो. त्यामुळे एफ/१६ वरून एफ/८ वर आले की उजेड चौपट, आणि शटर १/८०० सेकंद. सकाळच्या तिरप्या उन्हात यापेक्षा एक-दोन स्टॉप अधिक द्यावे लागतात.

यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद ते उजळ भागांचा आलेख, पाहावा. आलेखाचा उजवा काठ टोकाला चिकटून उंच चढला असेल तर तेथील तपशील जळालेला असण्याचा संभव आहे. मात्र रॉमध्ये टिपत असतानाही कॅमेरा दाखवतो तो हिस्टोग्राम सहसा जेपेग (कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या, दाबून लहान केलेल्या) रूपावरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये थोडा तपशील अजून शिल्लक असू शकतो. माझा नियम असा की सूर्याचे बिंब, दिवा किंवा पाण्यावरची चकाकी जळाली तर जळू द्यावी, पण भिंत, कपडा आणि कातडी यांतला तपशील जपावा. जळालेल्या भागात काहीच नोंदलेले नसते, म्हणून संपादनात तेथून काही परत आणता येत नाही. गडद भाग पुष्कळ उचलता येतो, पण तेथे मुळात प्रकाश कमी पडलेला असल्याने उचलताच नॉइज (दाणेदारपणा) वर येतो. एक काठ वाचवायचा तर दुसऱ्याची काही किंमत मोजावी लागते, आणि ती किती मोजायची हे टिपतानाच ठरवावे.

रॉ का, हा प्रश्न नेहमी येतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजळपणाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. फोटो जसा आला तसाच ठेवायचा असेल तर हा फरक दिसत नाही. आकाश थोडे गडद करायला गेले की मात्र जेपेगमध्ये पट्टे पडतात आणि रॉमध्ये उतार गुळगुळीत राहतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये रॉची सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास पडद्यावर बोट दाबून धरून फोकस व एक्स्पोजर कुलूपबंद करावे आणि सरकपट्टीने उजळपणा किंचित कमी ठेवावा.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची भरपाई) सकाळ-संध्याकाळ ऑटोवर ठेवू नये, असे माझे मत आहे. कॅमेरा सोनेरी उजेडाला दोष समजून तो पुसायला जातो. दिवसाच्या उन्हाचे चिन्ह निवडावे, म्हणजे सुमारे ५,२०० ते ५,५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचे माप). मग सोनेरी ते सोनेरीच राहते आणि ओळीने काढलेल्या सर्व फोटोंचा रंगही एकसारखा येतो.

५. चौकट लावणे आणि वाट पाहणे

चौकट लावताना मी प्रथम मुख्य वस्तूकडे न पाहता चारही कडांवरून नजर फिरवतो. अर्धी कापलेली फांदी, कोपऱ्यातला पांढरा कागद, डोक्यातून उगवल्यासारखा दिसणारा खांब हे सारे कडांवर आणि मागे लपलेले असते. बहुतेक वेळा उपाय अर्ध्या पावलाचा असतो. माझ्या भिंतीपुढे दोन पावले डावीकडे सरकले की झाडाचे खोड आणि मागचा विजेचा खांब एकमेकांपासून वेगळे होतात. हे मला तिसऱ्या आठवड्यात, संगणकावर एकसारखे चाळीस फोटो पाहिल्यावर कळले.

कॅमेरा वर कलवला की इमारतीच्या उभ्या रेषा माथ्याकडे एकत्र येतात. संपादनात त्या सरळ करता येतात, पण त्यासाठी कडा कापल्या जातात, म्हणून अशा वेळी चौकटीत चारही बाजूंना थोडी जागा राखून टिपावे.

आता शटर. हातात धरून टिपताना लेन्सच्या फोकल लेंग्थच्या (मिलिमीटरमधल्या) आकड्याइतका तरी वेग ठेवावा, म्हणजे ५० मिलिमीटरला १/५० सेकंद, आणि सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश नोंदणारा भाग) लहान असेल तर त्या आकड्याला दीडने गुणून १/८० च्या आसपास. हे झाले हात थरथरण्यापुरते. समोरचा माणूस चालत असेल तर १/२५० आणि जवळून आडवी सायकल जात असेल तर १/५०० लागतो. याउलट १/३० ठेवून सायकलबरोबर कॅमेरा फिरवला तर स्वार स्पष्ट आणि भिंत ओघळलेली येते. दहांतले आठ फोटो बिघडतात, तरी दुपारच्या रिकाम्या वेळेचा तो चांगला सराव आहे. सुरुवातीच्या काळातले छायाचित्रकार लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले तेव्हा एक्स्पोजरला काही मिनिटे लागली. धावती रहदारी त्यात उमटलीच नाही. बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस तेवढा उमटला. मोबाइलच्या रात्रीच्या मोडमध्येही अनेक फोटो जोडले जात असल्यामुळे हलती माणसे अशीच भुतासारखी पुसट येतात.

ॲपर्चर मी या जागेसाठी एफ/५.६ ते एफ/८ मध्ये ठेवतो. एफ/१६ ला सारे अधिक स्पष्ट येईल असा समज असतो, परंतु छिद्र फार लहान झाले की प्रकाश त्याच्या कडांशी पसरतो आणि एकूण चित्र किंचित मऊ पडते. लहान सेन्सरवर हे एफ/११ पासूनच जाणवू लागते.

दिव्यांच्या उजेडात आणखी एक अडचण येते. वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरला, विशेषतः इलेक्ट्रॉनिक शटरला कळते, आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. तेथे १/५० किंवा १/१०० वापरावा. ६० हर्ट्झच्या विजेला १/६० किंवा १/१२०.

एवढे झाले की चौकट लावून, फोकस त्या ठरलेल्या जागेवर आधीच बसवून उभे राहावे. माणूस कोठून येईल हे वहीत लिहिलेले असतेच. माझा अनुभव असा की चांगला फोटो पहिल्या पाच मिनिटांत क्वचित मिळतो. पंधरा-वीस मिनिटे एका जागी थांबले की लोक आपल्याकडे पाहणे सोडून देतात आणि गल्ली आपल्या कामाला लागते.

६. माणसांना टिपताना

सार्वजनिक जागी फोटो काढण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी माहीत करून घ्यावेत. नियमांपलीकडे मी एवढे पाळतो: चेहरा ओळखू येईल असा फोटो असेल तर विचारतो, लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय काढत नाही, आणि कोणी नुसता हात हलवून नको म्हटले तरी कॅमेरा खाली घेतो. विचारल्याने सहजपणा जातो, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे विचारून झाल्यावर थांबणे. वळणावर सायकली दुरुस्त करणाऱ्या एका काकांना विचारले तेव्हा ते आधी केसांवरून हात फिरवून ताठ उभे राहिले. तो फोटो मी काढला, त्यांना दाखवला, आणि तेथेच बसून राहिलो. दहा मिनिटांनी ते पुन्हा चाकाच्या तारा घट्ट करू लागले आणि त्यांच्या काळ्या बोटांवर दारातून आलेला उजेड पडला. त्या फोटोची प्रिंट पुढच्या आठवड्यात त्यांना नेऊन दिली. जवळच्या जागेत काम करायचे असेल तर ही प्रिंट द्यायला विसरू नये. तेथे पुन्हा जायचे आहे.

७. फोटो उतरवणे आणि निवड

घरी आल्यावर फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये उतरवावेत आणि लगेच दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत करावी. कार्ड तोपर्यंत पुसू नये. निवड त्याच रात्री करू नये. तो फोटो मिळवायला किती वेळ थांबलो होतो हे तेव्हा ताजे असते आणि त्या कष्टाचे गुण आपण फोटोला देऊन टाकतो. एक-दोन दिवसांनी पाहिले की नजर कोरडी होते.

पहिल्या फेरीत केवळ बाद करावे: फोकस चुकलेले, हललेले, डोळे मिटलेले. दुसऱ्या फेरीत एकसारख्या फोटोंतून एकच ठेवावा. तिसऱ्या फेरीत सारे लहान आकारात एकत्र पाहावेत. अंगठ्याएवढा असताना जो फोटो ओळखू येतो त्याची रचना पक्की असते. एका सकाळचे १४० फोटो असतील तर माझ्याकडे सात-आठ उरतात, आणि त्यांतले दोन संपादनाला घेतो.

८. संपादन

प्रथम पडदा. कित्येक महिने मी रात्री अंधाऱ्या खोलीत, पडद्याचा उजळपणा पूर्ण वाढवून संपादन करत होतो. पडद्यावर फोटो झकास दिसत आणि प्रिंट काळपट येत. प्रिंट करणाऱ्याशी मी वादही घातला, आणि नंतर कळले की चूक माझ्या खोलीत होती: पडदा फार उजळ असल्याने मी प्रत्येक फोटो गरजेपेक्षा गडद करत होतो. खोलीत मंद, पांढरा दिवा असावा, पडद्याचा उजळपणा कोऱ्या कागदाशी ताडून कमी करावा आणि रात्री रंग पिवळसर करणारी सोय बंद ठेवावी. शक्य असल्यास मोजणी-यंत्राने पडदा जुळवून घ्यावा.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, लाइटरूम असो वा मोफत मिळणारे डार्कटेबल किंवा रॉथेरपी, मूळ रॉ फाइल बदलत नाही. केलेल्या बदलांची यादी वेगळी साठवली जाते. म्हणून बिनधास्त प्रयोग करावेत. क्रम मात्र ठेवावा, कारण आधीच्या पायरीवर पुढची अवलंबून असते.

भिंतीजवळून सायकलवर जाणाऱ्या व्यक्तीचा एक फोटो उदाहरणादाखल घेतो. टिपतानाची नोंद आयएसओ २००, एफ/५.६, १/५०० सेकंद. प्रथम क्षितिज सरळ केले, पाऊण अंशाने. मग उजवीकडचा थोडा भाग कापला, कारण तेथे उजळ कोपरा होता. सायकल ज्या दिशेने चालली आहे तिकडची मोकळी जागा तशीच ठेवली. त्यानंतर व्हाइट बॅलन्स ५,२०० वरून ५,६०० केल्विनवर नेला. येथे नवख्याचा गोंधळ होतो: जास्त केल्विनचा उजेड निळसर असतो, मग पट्टी वाढवल्यावर चित्र पिवळे का होते? सॉफ्टवेअरला आपण उजेड अधिक निळा होता असे सांगतो, म्हणून ते भरपाईला पिवळेपणा घालते.

मग एक्स्पोजर. सगळे चित्र एक-तृतीयांश स्टॉपने उतरवले, हायलाइट्स (उजळ भाग) उणे ३५ केले म्हणजे चुन्याचे पोपडे दिसू लागले, आणि शॅडोज (गडद भाग) फक्त अधिक १५. शॅडोजची पट्टी फार मोहात पाडते. ती ओढत गेले की झाडाखालची सावली उजळते, सावलीतले सारे दिसू लागते, आणि ज्या सकाळच्या तिरप्या उजेडासाठी आपण उठलो होतो तो नाहीसा होतो. सावलीत काहीच टिपण्यासारखे नसेल तर ती काळी राहू द्यावी. कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद यांतला फरक, कर्व्ह या वक्ररेषेने किंचित वाढवला. रंगांत सॅच्युरेशनला (रंगांच्या तीव्रतेला) हात लावला नाही. झाडाचा हिरवा अंगावर येत होता, तेवढाच रंग कमी केला. पोत वाढवणारी क्लॅरिटीची पट्टी भिंतीवर ब्रशने थोडी फिरवली, पण स्वारावर नाही, कारण तिने चेहरा कोरडा आणि थकलेला दिसतो. नॉइज कमी करणे आणि शार्पनिंग (कडा धारदार करणे) शेवटी, चित्र शंभर टक्के आकारात पाहून.

एवढे झाल्यावर फाइल बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी मूळ फोटोशेजारी ठेवून पाहावी. माझ्याकडून जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी जास्त झालेले असते, आणि बहुतेक पट्ट्या मी निम्म्यावर आणतो. चालता माणूस काढून टाकणे किंवा आकाश बदलणे मी करत नाही. ज्या गल्लीत उद्या पुन्हा जायचे आहे तिचे खोटे चित्र ठेवून मला पुढे काही शिकता येत नाही. सजावटीचे चित्र करायचे असेल तर गोष्ट वेगळी, मात्र तसे सांगावे.

९. प्रिंट आणि साठवण

प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा हिशेब धरावा. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६,००० गुणिले ४,००० पिक्सेलचा फोटो त्या हिशेबाने सुमारे २० गुणिले १३ इंच होतो; बहुतेकांना लागणारा आकार याहून बराच लहान असतो. प्रथम लहान आकारात एकच चाचणी प्रिंट घ्यावी आणि ती दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ पाहावी. पडद्यावर पाठवायच्या प्रतीसाठी रंगांचा प्रकार एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना चालणारा) ठेवावा. फोटो घराजवळचा असल्याने, दुसऱ्यांना पाठवण्यापूर्वी फाइलमधली स्थळाची नोंद काढून टाकावी. मोबाइल ती बहुधा आपण होऊन लिहितो.

साठवणीसाठी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांत रुळलेला नियम पुरेसा आहे. वर्षातून एकदा जुनी डिस्क प्रत्यक्ष उघडून फोटो उघडतात की नाही हे पाहावे.

१०. चुका वहीत परत नेणे

संपादन करताना ज्या पट्टीला दर वेळी हात जातो तिची नोंद करावी. दर फोटो सरळ करावा लागत असेल तर कॅमेऱ्यातली क्षितिजाची रेषा चालू करावी. दर वेळी हायलाइट्स खाली ओढावे लागत असतील तर टिपतानाच कॉम्पेन्सेशन उणे एक-तृतीयांश ठेवावे. दर फोटो एकाच बाजूने कापावा लागत असेल तर आपण चुकीच्या जागी उभे राहतो आहोत. माझ्या वहीत सायकलच्या फोटोखाली लिहिलेली नोंद अशी आहे: उजवा कोपरा उजळ, खिडकीच्या काचेवरून ऊन येते, आठ वाजण्यापूर्वी पोचणे, दोन पावले डावीकडे, गुडघ्यावर बसून.